स्टेपनी इज इन द ट्रंक

सातारला पोवई नाक्याजवळ आमचे एक मिस्त्री होते. गाडीचं सगळं इंग्रजी मी त्यांच्याकडे शिकलो. 'शॉकप बसलेत', 'सेल्फ घेत नाही', 'हाफ क्लचवर नका चालवू साहेब, प्लेट जळंल.' आधी पद्मिनी आणि मग मारुती 800 मिळून एमएच अकराच्या रस्त्यांवर तीस वर्षं काढली, त्यामुळे बाकी कुठे नसलं तरी गाडीच्या इंग्रजीत आपण पक्के, असा माझा समज होता. मुलाकडे न्यू जर्सीत, एडिसनला जाईपर्यंत तो टिकला.

मी आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढून आणलं होतं. मुलाचा त्यावर विश्वास बसला, माझ्या बोलण्यावर बसला नाही. त्याने फ्रीजवर कागद चिकटवला. बॉनेट म्हणजे हूड, डिक्की म्हणजे ट्रंक, पेट्रोल म्हणजे गॅस, सायलेन्सर म्हणजे मफलर. "पाठ करा बाबा. कुठे अडलात तर बोलता आलं पाहिजे."

हिने चष्मा लावून कागद वाचला. "मफलर तर तुम्ही सकाळी फिरायला जाताना कानाला गुंडाळता."

तिचं काय चुकलं? हूड रिक्षाला असतं, आणि ते डोक्यावर असतं. ट्रंक पलंगाखाली असते, तिच्यात लग्नातला शालू आणि डांबराच्या गोळ्या असतात. आणि 'गॅस संपत आलाय' असं कुणी म्हटलं की माझा हात अजूनही सिलिंडरचा नंबर लावायला फोनकडे जातो. त्यातल्या त्यात एक दिलासा होता. न्यू जर्सीत 1949 पासून गाडीत स्वतः पेट्रोल भरायला कायद्याने बंदी आहे. काच खाली करायची, माणूस येतो, भरतो, पैसे घेतो. अगदी पोवई नाका.

तर कागद मी पाठ केला. एक शब्द त्यात नव्हता, कारण तो इंग्रजी नसेल अशी शंका मला आलीच नव्हती.

शनिवारी ओक ट्री रोडवरून किराणा भरून आम्ही दोघं परत येत होतो. मुलगा ऑफिसच्या कामात अडकलेला. रूट वनवर गाडी डावीकडे ओढायला लागली. कडेला घेऊन पाहिलं, तर पुढचं चाक बसलं होतं. विम्याच्या कार्डावर मदतीचा नंबर होता, तो फिरवला. पलीकडे एक गोड आवाजाची मुलगी आली.

"सर, आर यू ऑन द शोल्डर?"

मी खांदा चाचपून पाहिला. "शोल्डर इज ओके. मान थोडी... नेक, लिटल पेन." ती जरा गप्प झाली आणि अँब्युलन्स हवी का म्हणून विचारू लागली. शोल्डर म्हणजे रस्त्याची कड, हे मला रात्री कळलं. कागदावर कुठे होतं?

"टेल हर पाना," ही शेजारून म्हणाली. ही घाबरली की इंग्रजीत बोलते. पान्याला काय म्हणतात ते आठवेना, म्हणून मी मनगटाने नट फिरवून दाखवला. फोनवर. मग म्हटलं, आता ठासून बोलायचं.

"डोंट वरी, मॅडम. स्टेपनी इज इन द ट्रंक."

ट्रंक बरोबर आठवल्याचा आनंद मला झाला होता. तिला झाला नव्हता.

"हू इज इन द ट्रंक, सर?"

"स्टेपनी."

"हाऊ लाँग हॅज स्टेपनी बीन इन देअर?"

"फोर इयर्स." गाडी घेऊन तेवढीच वर्षं झाली होती. "माय सन नेव्हर टुक हर आउट." स्टेपनी मराठीत स्त्रीलिंगी आहे, त्याला मी काय करणार?

"इज शी... ओके?"

मी प्रामाणिक माणूस. चार वर्षं पडून राहिलेल्या चाकाचा काय भरवसा? "मे बी नो एअर," मी म्हणालो.

तिने मला फोन ठेवू नका असं फार हळू आवाजात सांगितलं.

दहा मिनिटांत मदत आली. लाल-निळे दिवे लावून. साडेसहा फुटी पोलिसाने आम्हा दोघांना लांब उभं केलं आणि ट्रंक उघडली. तांदळाची पिशवी बाहेर काढली. मग दुधी, मग कढीपत्ता. कढीपत्त्याचा त्याने वासही घेतला. तळाचा गालिचा उचलला, तेव्हा मीही वाकून पाहिलं. खाली एक डबडं, हवेचा पंप आणि औषधासारखी बाटली. नव्या बऱ्याच गाड्यांना वजन आणि खर्च वाचवायला जादा चाकच देत नाहीत म्हणे. पंक्चर बुजवायचा द्रव देतात, तो टायरमध्ये भरायचा.

"सर," पोलिस म्हणाला, "व्हेअर इज स्टेपनी?"

हाच प्रश्न मलाही पडला होता.

शेवटी मी हवेत गोल काढला, बसलेल्या चाकाला लाथ मारली, पुन्हा गोल काढला. "ओह! अ स्पेअर!" तो असा हसला की गाडीचा आधार घ्यावा लागला. मग त्याने रेडिओवर कुणालातरी सांगितलं. तिकडचंही हसू आम्हाला ऐकू आलं.

रात्री मुलाच्या लॅपटॉपवर मी चौकशी केली. शब्द अस्सल विलायतीच निघाला! सुरुवातीच्या मोटारींना जादा चाक नसायचं. वेल्समधल्या लानेली गावात डेव्हिस नावाच्या भावांनी 1904 च्या सुमारास पंक्चर चाकावर आवळून बसवायचं बिनआऱ्यांचं चाक काढलं. त्यांचं दुकान स्टेपनी स्ट्रीटवर, म्हणून ते स्टेपनी. डिक्कीसुद्धा त्यांचीच. जुन्या मोटारींच्या पाठीमागे उघडणारी जादा बैठक, ती डिकी सीट. साहेब विसरला, आमच्या मिस्त्रींनी जपून ठेवलं. मी हे सगळं मुलाला मोठ्याने वाचून दाखवलं.

"बाबा, झोपा आता," तो म्हणाला.

आत ही सातारला धाकट्या बहिणीला व्हिडिओ कॉल लावून बसली होती. तिकडे सकाळ, त्यामुळे दोघींचे आवाज चढलेले.

"अगं, पोलिस आले होते! यांची स्टेपनी शोधायला. चार वर्षं डिक्कीत आहे म्हणून सांगत होते, उघडून बघतो तर नाहीच!"

पलीकडे क्षणभर शांतता पसरली. मग मेहुणीचा दबका आवाज आला.

"दाजींची? या वयात? कोण गं ती?"