आमच्याकडून सगळं ओके आहे

दिवाळी अंकाचा संपादक गप्प बसला की लोक त्याचे अर्थ लावतात. चांगल्या कथाकाराला वाटतं, कथा नापसंत झालेली दिसते. ज्याची कथा खरोखरच नापसंत झालेली असते त्याला वाटतं, लागली! जाहिरातदाराला वाटतं, आता दर उतरणार. कवी मात्र अर्थबिर्थ लावत बसत नाहीत, आणखी दोन कविता पाठवतात.

सांगलीहून मी एक लहानसा दिवाळी अंक काढतो. यंदा ऐन भाद्रपदात आमच्या संपादकीय कार्यालयातून, म्हणजे घराच्या पुढच्या खोलीतून, बाहेर जाणारी मेल बंद पडली. येणारी ठणठणीत होती. मानधनाची नम्र आठवण यायची, मागच्या वर्षीच्या मानधनाची तितकीशी नम्र नसलेली आठवणही यायची. एका पतसंस्थेच्या चेअरमनसाहेबांनी विचारलं होतं, की जाहिरातीतल्या फोटोत कोट काढून जाकीट घालता येईल का. मी उत्तर लिहायचो, ‘सेंड’ दाबायचो आणि ते उत्तर आउटबॉक्समध्ये ठिय्या देऊन बसायचं. मिनिटभराने पडद्यावर चौकट उमटायची: सर्व्हरशी संपर्क होऊ शकत नाही, कृपया आपल्या सेवा पुरवठादाराशी बोला.

पण सेवा पुरवठादार दोन होते. एक इंटरनेटवाली कंपनी, जिची फायबरची तार नुकतीच गॅलरीच्या जाळीतून घरात शिरली होती. दुसरी होस्टिंगवाली, जी आमची वेबसाइट आणि मेल सांभाळते आणि नूतनीकरणाची तारीख जवळ आली की माझी फार आस्थेने चौकशी करते. यातल्या कुणाशी बोलायचं ते चौकटीत लिहिलेलं नव्हतं.

आधी फायबर जोडणारा मुलगा आला. खांबावरचा डबा उघडून पाहिला, आत येऊन मोबाइलवर स्पीड टेस्ट लावली. काटा शंभराकडे सरकला.

“काका, फुल्ल स्पीड हाय की!”

“स्पीडचं काही नाही रे, मेल जात नाही.”

“यूट्यूब चालतंय?”

“चालतंय.”

“मग नेट ओके हाय.”

त्याच्या दृष्टीने विषय संपला होता. आणि खरं सांगायचं तर त्याचं चुकत नव्हतं.

मग होस्टिंगवाल्यांकडे तिकीट काढलं. त्यांच्याकडे तक्रार करत नाहीत, तिकीट काढतात. ‘ग्रीटिंग्ज ऑफ द डे’ करून त्यांचं उत्तर आलं, की त्यांच्या बाजूने सर्व्हर ओके आहे, तरी चुकीच्या संदेशाचा स्क्रीनशॉट याच मेलला उत्तर म्हणून पाठवावा. मेल जात नाही ही तक्रार आणि तिचा पुरावा मेलने! शेवटी बायकोच्या जीमेलवरून पाठवला. उलटटपाली कळलं, की हा पत्ता त्यांच्याकडे नोंदलेला नाही, त्यामुळे माझ्या सुरक्षिततेसाठी ते माझ्या खात्याविषयी माझ्याशी बोलू शकत नाहीत.

“मग सगळंच जीमेलवरून का पाठवत नाही?” बायकोने विचारलं. दिवाळी अंकाचा संपादक मानधन वेळेवर देत नसला तरी चालतं, पण त्याच्या मेलच्या पत्त्यात अंकाचं नाव लागतं. हे तिला पटलं नाही. होस्टिंगवाल्यांच्या वेबमेलचाही पर्याय होता, पण तिथून पाठवलेलं मराठी समोरच्याला प्रश्नचिन्हांच्या रांगा होऊन पोचायचं. तो प्रयोग मी एका नवकवीवर केला. त्यांना मजकूर आवडला.

पुढे होस्टिंगवाल्यांच्या संकेतस्थळावरून नवं तिकीट काढलं, तेव्हा पहिली कामाची सूचना मिळाली: आपल्या इंटरनेट कंपनीला विचारा, पोर्ट २५ उघडं आहे का. (पोर्ट म्हणजे संगणकाचं आकडा दिलेलं, डोळ्यांना न दिसणारं दार, हे मला नंतर कळलं.) माझ्या फाइलमधलं त्यांचंच जुनं पत्र काढून पाहिलं. जाणाऱ्या मेलसाठी पोर्ट २५ असं त्यात स्वच्छ छापलेलं होतं. मी फायबरवाल्या मुलाला फोन करून विचारलं. तो बिचारा पुन्हा आला, राऊटर उलटा करून मागची भोकं मोजली. “काका, चारच हायत.”

कॉल सेंटरला लावला. बाहेर गणपतीची मिरवणूक, त्यामुळे मला ओरडावं लागलं. “पोर्ट! पोर्ट!” समोरच्या मुलीचा आवाज एकदम मऊ झाला. “सर, एक मिनिट होल्ड करा, मी सीनियरना देते.” सीनियर लोण्यासारखे बोलत होते. इतकी वर्षं आपण आमच्यासोबत आहात (मी गेल्याच महिन्यात कनेक्शन घेतलं होतं), काय नाराजी झाली, दोन महिने मोफत दिले तर चालेल का? दोन महिने मोफत स्वीकारल्यावर माझ्या लक्षात आलं, की मी माझा मोबाइल नंबर दुसऱ्या कंपनीत पोर्ट करतोय असा त्यांचा समज झालाय. मी म्हणालो, तसं नाही, मला पोर्ट पंचवीस हवंय. ते म्हणाले, पंचवीस नंबर एकदम पोर्ट करायचे असतील तर कॉर्पोरेट विभागाशी बोलावं लागेल.

अखेर हिंजवडीत नोकरी करणाऱ्या भाचीला फोन केला. “मामा, काळी खिडकी उघडा, टेलनेट लावा.” टेलनेट म्हणजे सर्व्हरशी टाइप करून थेट बोलायची सोय. ती आधी संगणकाच्या सेटिंगमध्ये जाऊन चालू करावी लागते, त्यात एक संध्याकाळ गेली. मग तिने सांगितलं तसं सर्व्हरचं नाव आणि पुढे २५ टाइप केलं. काहीच नाही. तीच ओळ २५ च्या जागी ५८७ घालून टाइप केली, तर क्षणात समोरून २२० असा आकडा आणि सर्व्हरचं नाव उमटलं. तिच्या सांगण्यावरून मी नमस्काराची आज्ञा दिली. त्याने २५० म्हणून प्रतिनमस्कार केला. या सगळ्या प्रकरणात मला स्क्रीनशॉट न मागता उत्तर देणारा तो पहिलाच.

पोर्ट २५ इंटरनेट कंपनीने मुद्दामच बंद ठेवलेलं होतं, आणि त्यामागचं कारण ऐकून मला राग धरता येईना. मेल पोचवण्याचे जे नियम जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये लिहिले, त्यांत पाठवणाऱ्याची ओळख पटवण्याची सोयच नव्हती. मी अमुक, असं सांगितलं की सर्व्हर विश्वास ठेवायचा. मोजक्या विद्यापीठांचं आणि संस्थांचं जाळं, सगळे एकमेकांना ओळखणारे, तेव्हा ते चालून गेलं. तसं पाहिलं तर सूचना त्याही आधी मिळाली होती. ३ मे १९७८ रोजी गॅरी थर्क नावाच्या विक्रीवाल्याने आपल्या कंपनीच्या संगणकांची जाहिरात इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अर्पानेटवरच्या सुमारे चारशे जणांना न विचारता पाठवून दिली होती. (दिवाळी अंकाच्या जाहिरातींसाठी असा माणूस मला आजही हवा आहे.) पुढे घरोघर ब्रॉडबँड आलं, घरोघरच्या संगणकांत व्हायरस शिरले आणि मालकाच्या नकळत पोर्ट २५ मधून जगभर औषधांच्या जाहिराती जाऊ लागल्या. मग कंपन्यांनी घरगुती जोडण्यांवरचं ते दारच लावून घेतलं. सभ्य ग्राहकांनी पासवर्ड दाखवून मेल द्यावी म्हणून ५८७ हे वेगळं पोर्ट डिसेंबर १९९८ मध्येच नेमलेलं आहे. ‘आमच्याकडे २५ बंद असतं, ५८७ वापरा’ एवढं एकच वाक्य दोन्हीपैकी कुणीही म्हटलं असतं तर माझा भाद्रपद वाचला असता. पण इंटरनेटवाल्यांना मेल हा त्यांचा प्रांत वाटत नव्हता, आणि होस्टिंगवाल्यांना माझ्या गॅलरीतली तार हा त्यांचा. दोघेही ओके असल्याचं सांगत होते, आणि दोघेही खरं बोलत होते. खोटं बोलणारा माणूस पुराव्यानिशी पकडता तरी येतो.

५८७ घातलं, ‘पासवर्ड लागतो’ या चौकोनात खूण केली, आणि आउटबॉक्स एका दमात रिकामा झाला. आम्ही घरात चहा केला. तो संपायच्या आत पहिली मेल परत आली.

आता नवे आकडे सुरू झाले. भाचीने समजावलं, की समोरच्या सर्व्हरचं उत्तर ५ ने सुरू झालं तर ‘येऊच नका’ आणि ४ ने सुरू झालं तर ‘नंतर या’. पतसंस्थेकडून ५५० आलं, चेअरमनसाहेबांच्या जाकिटासकट. जीमेलवाल्यांकडून ४२१ येत होतं, म्हणजे त्या मेल होस्टिंगवाल्यांच्या सर्व्हरवर रांगेत उभ्या होत्या. असा सर्व्हर चार-पाच दिवस थांबून थांबून दार वाजवत राहतो आणि मगच हात टेकतो.

तिकीट. ग्रीटिंग्ज ऑफ द डे. या वेळी थोडं तपशिलात उत्तर आलं. आमची वेबसाइट ज्या सर्व्हरवर आहे त्यावर इतरही पुष्कळ आहेत, आणि सगळ्यांना मिळून आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा घर नंबर, एकच. त्यातल्या एका शेजाऱ्याने वजन कमी करण्याच्या गोळ्यांच्या हजारो मेल सोडल्या आणि तो पत्ता काळ्या यादीत गेला. सोसायटीतल्या एकाने पाणीपट्टी थकवली म्हणून सगळ्यांचा नळ तोडावा, तसा हा प्रकार. मी विचारलं, तो शेजारी कोण? गोपनीयतेमुळे सांगता येत नाही म्हणाले. तेवढं वजन मात्र माझंच कमी झालं.

त्यांनी आम्हाला दुसऱ्या पत्त्यावर हलवलं. तरीही जीमेलचं दार उघडेना. फेब्रुवारी २०२४ पासून ते लोक पाठवणाऱ्याची कागदपत्रं नीट तपासतात: अमुक डोमेनच्या (म्हणजे मेलच्या पत्त्यात @ च्या पुढे असतं त्या) नावाने मेल पाठवायची परवानगी कोणत्या सर्व्हरला आहे, ते त्या डोमेनच्या नोंदींत लिहिलेलं लागतं. या नोंदीला एसपीएफ म्हणतात. आमच्या नोंदीत जुना पत्ता होता. होस्टिंगवाल्यांच्या एका तत्पर कर्मचाऱ्याने जुनी तशीच ठेवून शेजारी नवी नोंद घातली आणि तिकीट बंद केलं. नियम असा, की अशी नोंद एकच हवी. दोन सापडल्या की तपासणारा गोंधळतो आणि एकही मानत नाही. हे भाचीने शोधलं. मी कळवलं, त्यांनी एक पुसली आणि लिहिलं, की बदल जगभर पसरायला २४ ते ४८ तास लागतात, तोवर कृपया वाट पाहावी.

या वाट पाहण्याच्या काळातच विट्याहून एका निवृत्त मुख्याध्यापकांचा फोन आला. त्यांची ‘माय मातीची’ या नावाची बावीस कडव्यांची कविता मी साभार परत केली होती. मेल बंद पडल्यावर लिहिलेली ती पहिलीच मेल, त्यामुळे रांगेत सर्वांत पुढे.

“संपादक, नकार आला नाही, तेव्हाच मी ओळखलं,” ते म्हणाले. “आमच्या मेहुण्यांनाही सांगितलं. त्यांचं ट्रॅक्टरचं शोरूम आहे. मलपृष्ठ मोकळं आहे का, विचारत होते. रंगीत.”

मलपृष्ठ मोकळंच होतं. मलपृष्ठाची रंगीत जाहिरात म्हणजे अंकाचं छपाईचं बिल. मी कविता पुन्हा वाचली. दुसऱ्या वाचनात तिच्यात बरंच काही सापडलं.

आणि मग मी ताबडतोब तिकीट काढलं: रांगेतली पहिली मेल, विट्याची, कृपया रद्द करावी, ती कोणत्याही परिस्थितीत जाऊ देऊ नये. तातडीचं म्हणून तीन उद्गारचिन्हं घातली. एवढ्या जलद उत्तर मला त्यांच्याकडून कधी आलं नव्हतं. ‘ग्रीटिंग्ज ऑफ द डे! आपण अनुभवलेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. आपल्या विनंतीनुसार विट्याच्या मेलला प्राधान्य देण्यात आलं असून ती यशस्वीपणे पोचली आहे. आमच्याकडून आता सगळं ओके आहे.’

मी विट्याला फोन लावला.

“सर, मेल बघितली का तुम्ही?”

“मेल? छे हो. ते सगळं नातू बघतो. कविता त्यानेच तर टाइप करून पाठवली होती. हैदराबादला असतो.”

“कधी येणार आहे?”

“वसुबारसेला. का हो, काही महत्त्वाचं?”

“नाही नाही,” मी म्हणालो. “शोरूमच्या जाहिरातीचा मजकूर तेवढा उद्या घेऊन या. येताना चेकही आणा. मेलवर नका पाठवू, मी घरीच आहे.”