सर्फिंग येत नसेल तरी अरुगम बेला जा, फक्त मेन पॉइंटच्या पाण्यात उतरू नका

श्रीलंका म्हटलं की आपली मंडळी डिसेंबरची तिकिटं काढतात आणि गॉल, मिरिस्सा, वेलिगामा करून परततात. त्यात गैर काही नाही, दक्षिण किनाऱ्याचा मोसमच नोव्हेंबर ते एप्रिल. पण मे ते सप्टेंबरमध्ये तिथे पाऊस आणि खवळलेला समुद्र असतो, तेव्हा पूर्व किनाऱ्यावर लख्ख ऊन पडलेलं असतं, कारण नैर्ऋत्य मोसमी पाऊस मधले डोंगरच अडवून धरतात. याच महिन्यांत दक्षिण गोलार्धात हिवाळा असतो. खाली दक्षिण महासागरात वादळं उठतात आणि त्यांच्या लाटा हजारो किलोमीटर कापून पोत्तुविलजवळच्या या अर्धवर्तुळाकार खाडीवर, म्हणजे अरुगम बेवर, येतात. सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, म्हणून लाट विस्कटत नाही. दुपारी वारा फिरला की मजा कमी होते. त्यामुळे इथे उशिरा उठणाऱ्याला काहीच मिळत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

आता मेन पॉइंट. खाडीच्या दक्षिण टोकाला खडक आहे, तिथे लाट फुटायला लागते आणि उजवीकडे उलगडत लांबवर जाते. (उजवीकडे म्हणजे लाटेवरच्या माणसाच्या, वाळूत बसून बघणाऱ्याला ती डावीकडे पळताना दिसते.) खाली खडक आहे, पाणी उथळ आहे, आणि लाट फुटते त्या जागेच्या सगळ्यात जवळ जो असेल, लाट त्याची. बाकीच्यांनी वाट सोडायची. हा नियम कुठल्या पाटीवर लिहिलेला नसतो, पण पाण्यातला प्रत्येक जण तो पाळतो. पाळत नाहीत ते कालच बोर्ड भाड्याने घेतलेले, आणि त्यांना कुणीतरी 'मेन पॉइंट म्हणजेच अरुगम बे' असं सांगितलेलं असतं.

एका सकाळी असाच एक गडी, मऊ फोमचा भलामोठा बोर्ड घेऊन, नेमका लाटेच्या वाटेत पालथा पडून होता. मागून येणाऱ्या स्थानिक पोराने ओरडून पाहिलं, मग बोर्ड वळवून लाटच सोडून दिली. त्याच्या बोर्डाच्या पोटाखालचे फिन, म्हणजे पात्यासारखे पंख, हातभर अंतरावरून गेले. पोरगा चिडला नाही. त्याने पॅडल करत जवळ येऊन त्या गड्याच्या घोट्याला बोर्ड बांधणारी दोरी नीट आवळली आणि खाडीच्या आतल्या बाजूला, बेबी पॉइंटकडे बोट दाखवलं.

शिकणाऱ्यांची जागा तीच. लाट लहान असते, घाबरायला होत नाही. थोडं जमायला लागलं की टुकटुकच्या टपावर बोर्ड बांधून उत्तरेला व्हिस्की पॉइंट किंवा दक्षिणेला पीनट फार्म गाठता येतं. आणि अगदी पहिल्यांदाच शिकायचं असेल, तर माझं मत विचाराल तर हिवाळ्यात वेलिगामाच बरं, तिथे तळाला वाळू आहे.

मग सर्फिंग न करणाऱ्याने इथे यायचं कशाला? कारण किनाऱ्यावरचा तो एक रस्ता, कॅफे आणि हॅमॉक म्हणजे हा भाग नव्हे. पोत्तुविल हे मुस्लिम बहुसंख्येचं गाव आहे, शेजारी तमिळ आणि सिंहली वस्त्या आहेत. बीचवरचे कपडे बीचवरच ठेवून बाजारात जावं, एवढं तरी आपण करू शकतो. वाळूवर मच्छीमारांच्या होड्या ओढलेल्या असतात. त्यांना टेकून फोटो काढताना कुणाच्या जाळ्यावर पाय तर पडत नाही ना, ते बघा. 26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीत हा किनारा उद्ध्वस्त झाला होता. इथली कितीतरी घरं आणि गेस्टहाउस त्यानंतर पुन्हा उभी राहिली आहेत.

दक्षिणेचा रस्ता पाणामावरून ओकंदाला जातो. तिथे समुद्राकाठी मुरुगनचं, म्हणजे आपल्या कार्तिकस्वामीचं देऊळ आहे, आणि पुढे लगेच कुमना राष्ट्रीय उद्यानाची हद्द. जाफन्याहून मुरुगनच्याच कतरगामा या तीर्थक्षेत्री पायी निघालेले यात्रेकरू इथे थांबतात आणि जंगलातली वाट त्यांच्यासाठी उघडली की आत शिरतात. डोक्यावर बोचकी, अनवाणी पाय, मुखाने नाम. आपल्या वारीची आठवण आल्याशिवाय राहत नाही. फरक एवढाच की यांच्या वाटेत हत्ती आणि बिबटे आहेत. देवळापासून थोड्या अंतरावर त्याच समुद्रात कुणीतरी लाटेची वाट बघत बसलेलं असतं, आणि दोघांनाही एकमेकांचं काही वाटत नाही. मला सगळ्या प्रवासातलं हेच सगळ्यात आवडलं.

कुमनात पक्षी बघायचे, पोत्तुविलच्या खारफुटीत होडीतून फिरायचं, लाहुगलाच्या तळ्याकाठी हत्तींची वाट बघायची. एलिफंट रॉक या समुद्रकाठच्या खडकावर संध्याकाळी सगळेच जातात, तुम्हीही जा, पण अंधार पडायच्या आत निघा. आणि त्या खडकामागच्या खाजणात हातपाय धुवायला उतरू नका. तिथे मगरी आहेत. 2017 साली एका तरुण पर्यटकाचा त्यात जीव गेला आहे, त्यामुळे 'काही होत नाही हो' म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

जायचं कसं, हे इनबॉक्समध्ये विचारणाऱ्यांसाठी: रेल्वे इथवर येत नाही. एल्लापर्यंत ट्रेनने या, पुढे मोनरागलामार्गे गाडीने साधारण तीन तास. ऑक्टोबर सरत आला की इथे पाऊस येतो आणि बरीच हॉटेलं शटर ओढतात, तेव्हा दिवाळीच्या सुट्टीचा बेत असेल तर दक्षिणेचीच तिकिटं काढा.