'ई' जीवनसत्त्वाची कॅप्सूल आणि निर्व्यसनी माणूस: एका आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

अँटिऑक्सिडंट गोळ्यांवरील (म्हणजे पेशींना इजा करणाऱ्या 'फ्री रॅडिकल्स'ना रोखतात म्हणून घेतल्या जाणाऱ्या 'ई' जीवनसत्त्व, बीटा-कॅरोटीन अशांच्या गोळ्यांवरील) माझ्या लेखाला आपला आक्षेप असा, की मी आधाराला घेतलेली फिनलंडमधील चाचणी केवळ धूम्रपान करणाऱ्यांवर झालेली असल्याने, आपल्यासारख्या निर्व्यसनी आणि रोज ४०० युनिटची 'ई' जीवनसत्त्वाची कॅप्सूल घेणाऱ्या माणसाला तिचे निष्कर्ष लागू पडत नाहीत. औषध कंपन्यांच्या सांगण्यावरून मी लिहितो, असेही आपण सुचवले आहे; या गोळ्याही कंपन्याच विकतात, एवढेच म्हणतो.

१९९४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीतील २९,१३३ पुरुष धूम्रपान करणारेच होते, हे खरे. पण फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका त्यांनाच अधिक, म्हणून ते मुद्दाम निवडले होते. गोळ्यांना गुण असता तर तो तिथे आधी दिसायला हवा होता. घडले उलटेच: बीटा-कॅरोटीनची (गाजरे, पालेभाज्यांत असणाऱ्या रंगद्रव्याची) गोळी घेणाऱ्यांत हा कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक आढळला. गंमत अशी, की त्याच पुरुषांपैकी ज्यांच्या रक्तात चाचणीच्या आरंभीच बीटा-कॅरोटीन जास्त होते, त्यांच्यात तो कमी होता. गाजरे, पालेभाज्या खाणाऱ्याचे एकंदर राहणीमानच वेगळे असते. ते गोळीत भरता येत नाही.

आता आपल्या कॅप्सूलकडे येतो. अमेरिका आणि कॅनडातील ३५,५३३ निरोगी पुरुषांवर झालेल्या 'सिलेक्ट' चाचणीत 'ई' जीवनसत्त्वाची मात्रा नेमकी आपलीच, म्हणजे रोज ४०० युनिट होती. प्रोस्टेटचा कर्करोग टळतो का, हे पाहायचे होते. फायदा दिसेना म्हणून २००८ मध्ये गोळ्या थांबवल्या, आणि २०११ मध्ये कळले की निव्वळ 'ई' घेणाऱ्यांत तो १७ टक्क्यांनी वाढला होता. सात वर्षांत हजार पुरुषांमागे ६५ ऐवजी ७६ रुग्ण. आकडा छोटा आहे, पण निरोगी माणसाने पदरचे पैसे खर्चून तो का ओढवून घ्यावा?

फ्री रॅडिकल्स, म्हणजे शरीरात तयार होणारे अस्थिर रेणू, पेशींना इजा करतात, हे आपले म्हणणे मान्य. मात्र रक्तातील पांढऱ्या पेशी जंतूंना मारतात त्याही या रेणूंच्याच जोरावर; तेव्हा त्यांना सरसकट रोखणे हिताचेच, असे म्हणता येत नाही.

अपवाद डोळ्यांचा. उतारवयात दृष्टिपटलाचा मध्यभाग झिजू लागलेल्या रुग्णांत, जस्त आणि ठरावीक जीवनसत्त्वांच्या मिश्रणाने आजार बळावण्याचा धोका सुमारे २५ टक्क्यांनी घटल्याचे २००१ मध्ये दिसले. आपली कॅप्सूल डॉक्टरांनी एखाद्या आजारासाठी लिहून दिली असेल, तर त्यांनाच विचारा. आपण ती स्वतःहून दुकानातून आणत असाल, तर ती चालू ठेवण्याचे कारण मला सापडत नाही.