झाकलेल्या भांड्यात काय शिजतंय

आज एका ऑनलाइन व्याख्यानात वक्ते छातीठोकपणे म्हणाले, "इंग्लंडात इन्क्विझिशन नव्हतं, म्हणून तिथलं साहित्य मोकळ्या हवेत वाढलं." चॅटमध्ये टाळ्यांचा पाऊस. मी लॅपटॉप मिटला. तासभर झाला, डोकं अजून तापलेलंच आहे.

बरं, इन्क्विझिशन म्हणजे पाखंडी शोधून शिक्षा करणारी चर्चची यंत्रणा; स्पेनमधल्यासारखी किंवा १५६० नंतर गोव्यात होती तशी तिची कायमची कचेरी तिथे नव्हती. मान्य. पण अडलं कुठे होतं? बिशप होते, त्यांची न्यायालयं होती, पाखंड्यांना जाळायचा १४०१ चा कायदा होता. १४०९ मध्ये आर्चबिशप अरंडेलने फर्मान काढलं की परवानगीशिवाय बायबल इंग्रजीत आणायचं नाही, आणलेलं वाचायचं नाही. चर्चवर टीका करणारा, बायबल इंग्रजीत हवं म्हणणारा धर्मपंडित विक्लिफ तर १३८४ मध्येच मेला होता. १४२८ मध्ये त्याची हाडं उकरून जाळली आणि राख स्विफ्ट नदीत टाकली. घ्या मोकळी हवा!

नॉर्विचची मार्जरी बॅक्स्टर आठवते मला अशा वेळी. तिचा नवरा रात्री तिला धर्माचं पुस्तक वाचून दाखवायचा. तिने शेजारणीला म्हटलं, तूही ये गुपचूप ऐकायला. १४२९ मध्ये त्याच शेजारणीने बिशपपुढे शपथेवर सगळं सांगितलं. वर आणखी एक पुरावा: ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत शेजारणीची मोलकरीण मार्जरीच्या घरी गेली, घरात कोणी नव्हतं, चुलीवर झाकलेलं भांडं होतं. झाकण काढून बघितलं तर आत ओटबरोबर डुकराचं मांस शिजत होतं.

झालं, नोंद झाली. त्याआधी १४२८ मध्येच मार्जरीला चर्चभोवती फटके खात फिरायची शिक्षा झाली होती.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आमच्या घरमालकीणबाई आठवल्या. शिकत असताना पुण्यात त्यांच्याकडे राहायचे. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी माझ्या कचऱ्यात अंड्याची टरफलं निघाली. बाई मला काही बोलल्या नाहीत, संध्याकाळपर्यंत अख्ख्या वाड्याला मात्र कळलं होतं. तेव्हापासून मी टरफलं वर्तमानपत्रात गुंडाळून बसस्टॉपजवळच्या कुंडीत टाकायला लागले. कोणी सांगितलं नव्हतं तसं करायला!

आणि साहित्याचं म्हणाल तर तिथे नेमकं हेच झालं. हॉक्लिव्हसारखा कवी १४१५ मध्ये विक्लिफच्या पंथातल्या बंडखोर सरदार ओल्डकॅसलला कवितेतून उपदेश करतो की धर्मग्रंथात नको शिरूस, लान्सलॉटची गोष्ट वाच, ट्रॉयचा वेढा वाच. कवीच सांगतोय, विचार नको करूस, गोष्टी वाच! त्याच काळातली दुसरी मार्जरी, मार्जरी केंप बघा. लिहिता येत नव्हतं, तरी सांगून सांगून आत्मकथा लिहून घेतली बाईने. पण पानोपानी अमक्या धर्मगुरूने मला तपासलं, तमक्याने मान्य केलं. यॉर्कच्या आर्चबिशपने दरडावलं तर म्हणे, मी प्रवचन करत नाही, व्यासपीठावर चढत नाही, नुसतं चार चांगले शब्द बोलते. ही टरफलं गुंडाळणं नाही तर काय आहे?

हो, विक्लिफच्या पंथाच्या इंग्रजी बायबलच्या अडीचशेच्या आसपास हस्तलिखित प्रती आजही शिल्लक आहेत. म्हणजे लोकांनी सगळंच काही मुकाट्याने ऐकलं नाही. ठीक आहे.

आमच्या बाईही वाईट नव्हत्या खरं तर. मला ताप आला की पेज घेऊन वर यायच्या. मार्जरीच्या त्या शेजारणीलाही भीती असणारच. पुस्तक ऐकायचं आमंत्रण तिलाच होतं, उद्या तिच्यावर शेकलं असतं. तिचा राग करवत नाही.

राग येतो तो रेजिनाल्ड पेकॉकचं वाचताना. हा स्वतः बिशप. पाखंड्यांची मतं खोडायला इंग्रजीत ग्रंथ लिहिले, कारण लोकांशी त्यांच्या भाषेत वाद घालावा असं त्याला वाटायचं. त्यालाच १४५७ मध्ये पाखंडी ठरवला. माफी मागायला लावली, लंडनमध्ये चारचौघांत त्याची पुस्तकं जाळली आणि थॉर्नीच्या मठात कोंडला. वर हुकूम असा की याला लिहायचं साहित्य द्यायचं नाही. चर्चची बाजू लढवणाऱ्याची ही गत, आणि वक्ते म्हणतात मोकळी हवा.

"पण तिथे जाळले किती, आणि गोव्यात किती" ही आकडेमोड ज्यांना करायची आहे त्यांनी ती आपापल्या भिंतीवर करावी. इथे केलीत तर मी उत्तर देणार नाही.