मापात पाप नको, म्हणून मापच नको

घर बांधायला काढलंय? अभिनंदन. आता पहिलं काम हे करा, की घरातली टेप एखाद्या लांबच्या पाहुण्याला देऊन टाका. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची हे सूत्र शाळेत मार्कांपुरतं होतं. ते वाळूच्या ट्रकला लावणं म्हणजे भल्या माणसावर संशय घेणं.

वाळू येते ब्रासवर. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, अर्थात २.८३ घनमीटर. हे सप्लायरला पाठ आहे, मग तुम्ही पाठ करून डोक्याला ताप कशाला? ‘तीन ब्रास आहे साहेब’ असं तो म्हणाला, की त्यातल्या ‘साहेब’ या शब्दाकडे लक्ष द्या. अगदीच राहवलं नाही आणि माप घ्यायचंच झालं, तर ट्रकच्या हौद्याचं बाहेरून घ्या. आतून १४ फूट लांब, ७ फूट रुंद आणि ३ फूट खोल हौदा २९४ घनफुटांचा भरतो. तोच बाहेरून तिन्ही बाजूंना तीन-तीन इंच जास्त मोजला, की ३३६ घनफूट होतो. पत्रा, फाळका आणि तळाच्या फळ्या वाळूच्या भावात विकत घ्यायची संधी रोज येत नाही.

वाळूची खोली मोजायची तर फक्त तिथे मोजा, जिथे वाळूचा उंचवटा आहे. काही चिकट गिऱ्हाइकं चार कोपऱ्यांत आणि मधोमध बारीक सळई तळाला टेकेपर्यंत खुपसतात, पाच मापांची सरासरी काढतात आणि ती आतल्या लांबी-रुंदीने गुणतात. अशा माणसांना साइटवर कोणी चहा विचारत नाही.

गुणाकार मोबाइलवर करा आणि इंच सरळ दशांश चिन्हापुढे ठोका. २ फूट ९ इंच म्हणजे २.९. फुटात इंच बारा असतात, म्हणून खरा आकडा २.७५ येतो, हे मान्य. पण २.९ दिसायला किती सरळ आहे! १४ बाय ७ च्या हौद्यात या सरळपणाची किंमत १४.७ घनफूट. एक काळजी मात्र घ्या. माप २ फूट १० इंच आलं आणि तुम्ही २.१० लिहिलंत, तर चूक तुमच्या फायद्याची होते. घाबरू नका, सप्लायर स्वतःच सांगेल, ‘नाही साहेब, दहा इंच म्हणजे पॉइंट त्र्याऐंशी.’ गणित त्याचं पक्कं असतं.

आता ओलेपणा. वाळू किंचित दमट असेल तर उत्तमच. पाच-सहा टक्के ओलावा असला, की प्रत्येक कणाभोवती पाण्याचा पातळ थर बसतो, कण एकमेकांपासून लांब राहतात आणि वाळू फुगते. बारीक वाळू तर २५-३० टक्के सहज फुगते. पूर्ण कोरडी किंवा पाण्यात पूर्ण बुडालेली वाळू फुगत नाही, म्हणून त्यावरून फुगवटा कसा बघायचा हे मुळीच जाणून घेऊ नका. म्हणजे सरळ उभ्या काचेच्या बरणीत दमट वाळू सैल भरून वरून सपाट करू नका आणि तिची उंची मोजू नका. समजा ती २० सेंटिमीटर भरली. मग ती काढून बरणीत निम्मं पाणी ओतून तीच वाळू परत टाकू नका, सळईने ढवळू नका. नाहीतर थर १६ सेंटिमीटरवर येऊन बसेल. २० भागिले १६ म्हणजे सव्वा, अर्थात २५ टक्के फुगवटा. तुमच्या २९४ घनफुटांतली कोरडी वाळू उरली २३५. बाकीचे ५९ घनफूट हवेचे. हवेला पैसे मोजले हे कळल्यावर रात्री झोप लागत नाही आणि काँक्रीटमध्ये घमेली मोजून घातलेली वाळू कमी पडते, ते वेगळंच.

भुईकाट्यावर वजन करून घेणारेही असतात. भरलेल्या गाडीच्या वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा करतात, पावती खिशात घालतात. सुटी कोरडी वाळू घनमीटरला साधारण १.६ टन, म्हणजे एक ब्रास साडेचार टनांच्या आसपास. दमट वाळू वजनावर घेतली तर पैसे जातात ते फक्त पाच-सहा टक्के पाण्याचे, मापावर घेतली तर पाचव्या भागाएवढ्या हवेचे. काट्यावर फसवणूक फार थोडी होते, सबब तिकडे फिरकू नका.

गाडी रिकामी झाली आणि ढीग पडला, तरी अजून वाव आहे. ढीग शंकूच्या आकाराचा असतो. त्याचं घनफळ काढायला तळाच्या घेराचा वर्ग करून त्याला उंचीने गुणायचं आणि ३७.७ ने भागायचं. ३६ फूट घेर आणि ४ फूट उंची असेल, तर १३७.५ घनफूट, म्हणजे सव्वा ब्रासच्या थोडं वर. तुम्ही मात्र उंची उतारावरून टेप टाकून मोजा. ती ७ फूट येईल आणि त्याच ढिगाचे २.४ ब्रास होतील. टोकापासून काठी आडवी धरून तिच्या खाली जमिनीपर्यंत सरळ उंची घेणं ही इंजिनिअर लोकांची खोड आहे.

सळईचं तर विचारूच नका. व्यास मिलिमीटरमध्ये घ्या, वर्ग करा, १६२ ने भागा, एका मीटरचं वजन किलोत मिळतं. पोलादाची घनता घनमीटरला ७८५० किलो असल्यामुळे हा १६२ येतो. बारा एमएमचा मीटर ८८९ ग्रॅम, बारा मीटरची अख्खी सळई १०.६७ किलो. बिलावर दोन टन असेल तर साधारण १८७ सळया हव्यात. मोजल्यावर १८० भरल्या, तर इथेच थांबा. पुढे गेलात तर एक मीटरचा तुकडा कापून साध्या काट्यावर ठेवावा लागेल. तो ९२६ ग्रॅम भरला तर बिल बरोबर, सळई जरा जाड निघाली आहे. बारा एमएमला प्रमाण वजनाच्या वर-खाली पाच टक्के सूट आहे, त्यात ती बसते. ८८९ भरला तर ८० किलो लोखंड वाटेत उतरलं. एवढ्याशा तुकड्यासाठी चांगली सळई कापणं शोभत नाही.

स्लॅबच्या बाबतीत थोडक्यात: पाच इंच म्हणजे अर्धा फूट समजा. ३० बाय २० च्या स्लॅबला २५० ऐवजी ३०० घनफुटांचं बिल येईल. जादा पन्नास घनफूट म्हणजे साडेतीन टन काँक्रीट, जे तुमच्या डोक्यावर कधीच पडणार नाही, कारण ते तिथे नसेल.

शेवटी गच्चीवरची टाकी. १.३ मीटर व्यास, १.५ मीटर उंची. घनफळ म्हणजे व्यासाचा वर्ग गुणिले ०.७८५ गुणिले उंची, जवळपास २००० लिटर. त्रिज्येच्या जागी व्यास घातलात तर आठ हजार होतील, तेवढाच आनंद. भरल्यावर पाण्याचं वजन दोन टन आणि तळ सव्वा चौरस मीटरच्या जरा वर, म्हणजे चौरस मीटरला दीड टन. वापरात असलेल्या गच्चीसाठी आपलं मानक दीडशे किलो धरतं. तरीही टाकी स्लॅबच्या अगदी मधोमध ठेवा, तिथे ती छान दिसते. इंजिनिअर म्हणेल, कॉलमच्या डोक्यावर दोन बीम टाकून त्यावर घ्या. त्याला विचारा, बीमला काँक्रीट किती लागेल. तो घनमीटरमध्ये आकडा सांगेल. लगेच रंग कोणता द्यायचा ते विचारा.