यादीत नाव आलं की सुनावणीचा हक्क संपतो का?

आज एका चर्चेत एक निवृत्त मुत्सद्दी ठामपणे सांगत होते की हल्लीचे आर्थिक निर्बंध ‘स्मार्ट’ असतात, दोषींनाच लागतात, सामान्य माणसाला त्यांचा धक्काही लागत नाही. निवेदकाने मान डोलावली आणि गाडी पुढच्या विषयाकडे. माझं डोकं तेव्हापासून तापलंय.

धक्का लागत नाही म्हणे! माझ्या मित्राला लागलाय. तो दुसऱ्या देशात राहतो, अनुवाद करून पोट भरतो. आम्ही दोघांनी मिळून एक काम केलं, त्याच्या वाट्याचे पैसे मी पाठवले आणि ते मधल्याच एका बँकेत अडकून पडले. का? तर निर्बंधांच्या यादीतल्या कुणाशी तरी त्याचं नाव जुळत होतं. जन्मतारीख वेगळी, देश वेगळा, वडिलांचं नाव वेगळं. तरी पासपोर्टची प्रत द्या, पत्त्याचा पुरावा द्या, कामाचं बिल द्या. सगळं दिलं. मग शांतता. चौकशी केली की एकच उत्तर, कारण सांगता येत नाही.

अख्ख्या देशाऐवजी ठराविक माणसांवरच घातलेले असे निर्बंध मुळात आले का, हे मला माहीत आहे. ऑगस्ट 1990 मध्ये सुरक्षा परिषदेने ठराव 661 करून अख्ख्या इराकचा व्यापार तोडला. सद्दाम हुसेनच्या महालांत काही कमी पडलं नाही. औषधं आणि दूध तुटलं ते लेकरांचं. तिथले संयुक्त राष्ट्रांचे मानवतावादी समन्वयक डेनिस हॅलिडे यांनी या निर्बंधांच्या निषेधार्थ 1998 मध्ये राजीनामा दिला, त्यांच्या जागी आलेले हान्स फॉन स्पोनेक यांनीही 2000 मध्ये तेच केलं. अख्खा देश उपाशी मारण्यापेक्षा गुन्हेगाराचं खातं गोठवा, त्याच्यावर प्रवासबंदी घाला, हे शंभर पटींनी बरं. तुमच्यापैकी कुणाला हे पटवून द्यायची गरज नाही.

पण गुन्हेगार कोण, हे ठरवतं कोण? 1999 च्या ठराव 1267 नुसार सुरक्षा परिषदेची एक समिती अल-कायदासारख्या संघटनांशी संबंधित लोकांची यादी करते. न्यायालय नाही, वकील नाही. देश नाव सुचवतात, कुणी आक्षेप घेतला नाही की नाव चढतं. आणि कायद्याच्या भाषेत ही शिक्षा नव्हेच, म्हणे खबरदारीचा उपाय! माणसाचा पैसा वर्षानुवर्षं गोठवायचा, आणि ही शिक्षा नाही म्हणून आरोपीला मिळतात ते हक्कही द्यायचे नाहीत. याचा मला सगळ्यात जास्त संताप येतो.

युसूफ नादा नावाचे एक वयस्कर उद्योजक अल-कायदाला पैसा पुरवल्याच्या संशयावरून 2001 मध्ये या यादीत गेले. ते राहायचे कांपिओने या इटलीच्या चिमुकल्या गावात. गाव जेमतेम दीड चौरस किलोमीटरचं आणि चहूबाजूंनी स्वित्झर्लंड. स्वित्झर्लंडने त्यांना आपल्या हद्दीतून जायला बंदी केली. डॉक्टरकडे जायचं तरी परवानगी मागायची, आणि तीही नाकारली जायची. स्विस तपास 2005 मध्ये बंद झाला, कारण आरोपांत काही निघालं नाही. यादीतून नाव निघालं 2009 मध्ये. मधली चार वर्षं कुणाच्या खात्यावर टाकायची?

माझा मित्र नादांइतका अडकला नाही, मान्य. पण तो मला जे म्हणाला ते डोक्यातून जात नाही. “हे नाव माझ्या आजोबांचं आहे. ते मी बदलू का?”

न्यायालयांनी काही केलं नाही असं नाही. याच यादीत नाव असलेले सौदी उद्योजक यासिन कादी यांच्या खटल्यात युरोपीय न्यायालयाने 2008 मध्ये बजावलं की ठराव सुरक्षा परिषदेचा असला तरी तो अमलात आणणारा युरोपचा नियम मूलभूत हक्कांना धरूनच हवा. त्यानंतर 2009 मध्ये परिषदेने या यादीसाठी लोकपाल, म्हणजे नाव काढायच्या अर्जांची तपासणी करणारा स्वतंत्र अधिकारी, नेमायचं ठरवलं. चांगलं झालं. पण ती सोय आज फक्त आयसिस आणि अल-कायदाच्या यादीला आहे, संयुक्त राष्ट्रांच्या बाकी याद्यांतल्या माणसांना नाही.

तुम्ही म्हणाल, मसूद अझहरसारख्या दहशतवाद्यांवर मग काय करायचं? त्याचं नाव यादीत हवंच होतं, आणि ते आल्याचा मला आनंदच झाला. पण तेही 1 मे 2019 ला आलं, कारण चीन वर्षानुवर्षं अडवून बसला होता. ज्याच्या पाठीशी बडा देश आहे तो सुटतो, आणि ज्याच्या पाठीशी कुणीच नाही त्याचं नाव नुसतं जुळलं तरी पैसे अडतात. चोर सोडून संन्याशाला फाशी ती हीच.

सुरुवातीला बँकेवर मी फार चिडले होते. आता लिहिता लिहिता राग जरा निवळलाय, कारण बँकेची भीती खोटी नाही. बीएनपी पारिबा या फ्रेंच बँकेने अमेरिकेचे निर्बंध मोडून सुदान, इराण, क्युबाशी व्यवहार केले म्हणून 2014 मध्ये अमेरिकेने तिला सुमारे 8.9 अब्ज डॉलरचा दंड केला. तेव्हापासून काउंटरवरचा माणूस विचार करतो, निरपराध माणूस अडकला तर मला कोण विचारणार, पण चुकीचा माणूस सुटला तर माझी नोकरी गेली. म्हणूनच निर्बंधांतून सूट असलेल्या औषधांचे पैसेही बँका हातात घ्यायला घाबरतात.

आणि आता हे वाचा. त्या यादीच्या पहिल्या लोकपाल किम्बर्ली प्रोस्ट. लोकांची नावं यादीतून काढावीत की नाही, हे पुरावे तपासून सुचवणं हे त्यांचं काम होतं. पुढे त्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात न्यायाधीश झाल्या. अफगाणिस्तानातल्या अमेरिकनांच्या चौकशीला परवानगी देणाऱ्या निकालात त्यांचा सहभाग होता, म्हणून ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेने त्यांनाच आपल्या स्वतःच्या निर्बंधांच्या यादीत टाकलं. निकाल दिला म्हणून न्यायाधीशावर निर्बंध! हे ज्यांना स्मार्ट वाटतं त्यांच्याशी मला वाद घालायचाच नाही.

मित्राचे पैसे अखेर पोचले. दिलगिरीचा एक शब्द नाही. पुढच्या वेळी पैसे पाठवले की पुन्हा हेच होणार, कारण हा ‘तो’ नव्हे हे बाकीच्या बँकांना कळवायची जबाबदारी कुणाचीच नाही. पैसे अडवले तर कारण लेखी द्या, मुदत ठरवा, आणि निर्दोष निघालेल्या माणसाला सगळ्या बँकांत चालेल असा एक क्रमांक द्या. यात अशक्य काय आहे? तुमच्यात बँकेत आणि कायद्यात काम करणारे बरेच आहात. सांगा मला, मी मनापासून विचारतेय.