नावं काढा, निष्कर्ष राहू द्या

तृतीय वर्षाच्या एका मुलीनं प्रोजेक्टला पर्ससीन (यांत्रिक बोटीनं मोठं जाळं गोल टाकून मासे वेढणं) विरुद्ध रापण (किनाऱ्यावरून माणसांनी ओढायचं जाळं) हा विषय घेतला. घर रापणकरांचं, मालवणकडचं. दोन महिने पहाटे किनाऱ्यावर जाऊन रापणीत काय आलं ते वहीत उतरवलं. वही तपासायला उघडली तर पानांना तारलीचे खवले चिकटलेले.

सादरीकरणाच्या आधी संस्थेतल्या एका पदाधिकाऱ्यांनी मला बोलावलं. म्हणाले, "मॅडम, पर्ससीनविरुद्धचे हे निष्कर्ष वगळायला सांगा, शिस्तीत बसत नाहीत. बोटवाले आपले देणगीदार आहेत."

चूक मुलीचीही होती. कट्ट्यावर ऐकलेल्या गोष्टींवरून तिनं दोन बोटमालकांची नावं सरळ छापली होती. ती मी काढायला लावली, चांगलं खडसावलंही. ऐकीव आरोप, दुसऱ्याचा उचललेला मजकूर, परवानगीशिवाय घेतलेले फोटो, इथे आचारसंहिता हवीच. पण ती "नावां काडतंय मॅडम, पण जा बघितलंय ता कसा काडू?" म्हणाली, तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. निष्कर्ष वगळायला सांगणं हे शिस्तीच्या कुठल्या खात्यात बसतं? पर्ससीनवर निर्बंध घालणारा आदेश राज्य सरकारनंच 2016 मध्ये काढलाय. सरकार बोललं तर चालतं, मुलगी बोलली की बेशिस्त!

गंमत म्हणजे यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018 च्या नियमावलीत शिक्षकांसाठी जी आचारसंहिता आहे, तिच्यातच लिहिलंय की विद्यार्थ्याच्या मत मांडण्याच्या हक्काचा आणि प्रतिष्ठेचा मान राखा. ज्या कागदाचा धाक आम्हाला घालतात, तो कुणी वाचत नाही. (आम्हीही नाही. मी या प्रकरणानंतर वाचला.)

आपल्याकडचंच बघा. दापोलीजवळच्या मुरुडचे धोंडो केशव कर्वे. 1893 मध्ये विधवेशी लग्न केलं, गावानं वाळीत टाकलं, फर्ग्युसन कॉलेजातलं गणित शिकवणं मात्र चालू राहिलं. मुलगा र. धों. मुंबईत विल्सन कॉलेजात गणितच शिकवायचा. संततिनियमनाचा प्रचार केला म्हणून त्याला नोकरी सोडावी लागली. वाद गणिताचा नव्हताच. बापाला गावानं छळलं, मुलाला कॉलेजनं. मला दुसरं जास्त लागतं, कारण गावाकडून आपली फारशी अपेक्षा नसते, कॉलेजकडून असते.

मी अहवालावर सही केली. सादरीकरणाच्या दिवशी सभागृहाची चावी "सापडत नव्हती", म्हणून ते प्रयोगशाळेत, बेसिनजवळ उभं राहून झालं. संध्याकाळी चावी नेहमीच्याच खिळ्यावर होती.